डावीकडे आणि डावीकडून

सायकलच्या शर्यतीत शेवटून दुसरं यायलाही अंगात काहीतरी लागतं, असं तो सहा वर्षं सगळ्यांना पटवत होता, आणि सहा वर्षांत ते एकालाही पटलं नव्हतं. दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा. पेशंट एक्स-रे म्हणत नाहीत, फोटो म्हणतात, म्हणून तिथे तो सगळ्यांचा फोटोवाला. सायकल क्लबात मात्र त्याचं नाव होतं शेपूट.

हे बारसं क्लबच्या कप्तानाने केलं होतं. कप्तान धंद्याने सुतार, बोलणंही रंधा मारल्यासारखं. रस्त्यावरच्या शर्यतीत पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं की वारा तो खातो आणि आपण निम्म्या मेहनतीत पुढे सरकतो. हे सगळेच करतात. पण काही वेळ मागे राहिल्यावर आपणही पुढे जाऊन इतरांसाठी वारा अंगावर घ्यायचा, अशी त्यातली रीत. फोटोवाल्याला रीतीचा पहिला अर्धा भाग फार छान जमला होता. दुसऱ्या भागाची पाळी आली की नेमकी त्याची बाटली निसटायची, नाहीतर डोळ्यांत काहीतरी जायचं.

एकदा तर तो एका निळ्या जर्सीच्या चाकाला इतका इमानेइतबारे चिकटला, की पोटात कळ आली म्हणून त्या माणसाने शर्यत सोडून घरचा रस्ता धरला तरी हा मागे. दोन वळणं झाली, एक पूल झाला, एक शाळा गेली. शेवटी तो माणूस आपल्या फाटकापाशी उतरला, मागे वळला आणि म्हणाला, "आलाच आहात तर आत या."

"तू शर्यतीला जातोस की लोकांना घरी पोचवायला?" बायकोने विचारलं होतं. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिच्या नजरेतून वेलांटी सुटत नसे, तर नवरा कुठला सुटायला.

चाळिशी ओलांडली तेव्हा कप्तानानेच सुचवलं, "डोंगरात जा. तिथे वाट हातभर रुंद, मागे लपायची सोय नाही. काय आहे ते एकदा कळू दे." आणि स्वतःची जाड टायरांची जुनी सायकल त्याला वापरायला दिली. डोंगरातल्या पहिल्या शर्यतीत फोटोवाला ओढ्यात पडला, चिंब होऊन निघाला, आणि तिसांत एकोणिसावा आला. एकोणिसावा! तो घरी आला तो ओल्या बुटांनिशीच स्वयंपाकघरात शिरला आणि बायकोला आकडा दोनदा सांगितला. अंगाने तो काटकुळा होता. सपाट रस्त्यावर जे अंग वाऱ्याने हेलपाटायचं, तेच चढावर भराभर वर जायचं. हे त्याला बेचाळिसाव्या वर्षी कळलं आणि त्याच्या तोंडाला रक्त लागलं.

दुसऱ्या शर्यतीच्या सकाळी मुख्य पंच एका बाकावर चढल्या. या बाई पूर्वी पोहणं शिकवायच्या, गळ्यात अजून शिट्टी, आणि आवाज असा की कर्ण्याची खरं तर गरज नव्हती. "वाट एका सायकलपुरतीच आहे," त्या म्हणाल्या. "ज्याला पुढे जायचंय त्याने मागून ओरडून सांगायचं, 'डावीकडून' किंवा 'उजवीकडून'. म्हणजे मी त्या बाजूने येतोय. पुढच्याने दुसऱ्या बाजूला सरायचं. डावीकडून. 'डून' म्हणायचं. नुसतं 'डे' केलंत तर पुढचा तिकडेच जाईल आणि दोघं झाडावर." लोक हसले. फोटोवाला तेव्हा पुढच्या टायरमधली हवा चिमूटभर कमी करत वाकून बसला होता. एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाला पत्ता लागू दिला नाही.

रस्त्यावरच्या शर्यतीत हाच शब्द दर रविवारी दहा वेळा कानावर पडायचा, पण वेगळ्या कामासाठी. पुढचा ओरडायचा, "डावीकडे!" म्हणजे डावीकडे खड्डा आहे, सांभाळा. मागचा तेच ओरडून त्याच्या मागच्याला सांगायचा. शेपटाच्या मागे हाकेच्या अंतरावर कुणी नसायचं, त्यामुळे त्याला तो शब्द कधी उच्चारावा लागला नव्हता. सहा वर्षं नुसता कानात साठत गेला होता.

तिसऱ्या फेरीत तो चौथा होता. तिसऱ्या नंबरवरच्या पोस्टमनची चेन उतरली आणि फोटोवाला त्याच्या बाजूने निघून गेला. आता तिसरा. पहिल्या तिघांना पदक. छाती फुटायची वेळ आली होती आणि मागे कुणाचा तरी श्वास भात्यासारखा चाललेला ऐकू येत होता. तेवढ्यात झाडीतल्या अरुंद चढावर पुढे एक पिवळी जर्सी दिसली. बायकांची शर्यत थोडी आधी सुटली होती, तिच्यातली ही मागे राहिलेली कुणीतरी. वाट तिच्यापुरतीच होती. डावीकडे दोन वितींची जागा दिसली, फोटोवाला त्या जागेत घुसला आणि जीव खाऊन ओरडला, "डावीकडे!"

ती बाई शहाण्या मुलीसारखी डावीकडे सरली.

त्याचं हँडल तिच्या कोपराला लागलं. तो डगमगला, एक पाय टेकला, सावरला. मागे लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ "आई गं" असा, मोठा नाही, श्वास कोंडल्यासारखा.

इथे जरा थांबायला हवं, कारण तो थांबला नाही. पुढे प्रत्येक वळणावर आयोजकांची माणसं असतात, कुणीतरी बघेलच, असं तो मनाशी म्हणाला. उठलीही असेल, असंही म्हणाला. एवढं सगळं म्हणेपर्यंत तो दोन वळणं पुढे गेला होता आणि मागचा श्वास ऐकू येईनासा झाला होता.

तिसरा नंबर आला. "शेपटाला तोंड फुटलं रे!" कप्तानाने त्याला उचललंच. पाठीवर इतक्या थापा पडल्या की चिखलाचे पोपडे निघाले. गळ्यात पदक पडलं. आणि तेव्हाच पंचबाई हातात कागद घेऊन आल्या.

"वरच्या चढावर एक बाई पडल्यात. कॉलरबोन गेलंय बहुतेक. मागून तुम्ही होतात ना? आवाज दिला होता?"

"दिला होता."

"काय म्हणालात?"

अठरा वर्षं हा माणूस लोकांच्या हाडांवर डावं आणि उजवं लिहीत होता. प्रत्येक फोटोवर शिशाचं ते छोटं अक्षर ठेवताना त्याची एकदाही चूक झाली नव्हती. उत्तर द्यायला जेमतेम एक श्वास लागला असेल, पण त्या श्वासात त्याला सगळं लख्ख आठवलं, आपण 'डे' म्हणालो तेही.

"डावीकडून," तो म्हणाला.

"मग त्या डावीकडे कशा आल्या?"

त्याने खांदे उडवले. "नवीन असतील," मागून कुणीतरी म्हणालं. पंचबाईंनी मान हलवली आणि लिहिलं: मागील स्पर्धकाने नियमानुसार 'डावीकडून' अशी सूचना दिली; पुढील स्पर्धक गोंधळून चुकीच्या बाजूस वळल्या.

पदक बायकोने फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलं. आल्यागेल्याला ती ते दाखवायची, थट्टा करत, पण दाखवायची. फोटोवाला पाणी प्यायला फ्रिज उघडायचा तेव्हा नजर चुकवायचा. आपल्याच घरात आपण चोरासारखे पाणी पितोय, असं त्याला वाटायचं. चूक कुणाकडूनही होते, असं मनाला समजवावं, तर मन म्हणायचं, चूक डोंगरात झाली, पंचांपुढे काय झालं त्याला काय म्हणतात? त्याला काय म्हणतात ते त्याला चांगलं माहीत होतं.

तीन आठवड्यांनी ती पडलेली बाई एक्स-रेच्या खोलीत आली.

कागदावर लिहिलं होतं, उजवं कॉलरबोन, सायकलवरून पडून. खाली तारीख. फोटोवाल्याने ती दोनदा वाचली; शर्यतीचाच दिवस. बाई पन्नाशीच्या आतबाहेर, हात झोळीत, अंगाने दणकट. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला काहीच ओळखीचं वाटलं नाही. वाटणार कसं? तिच्या लेखी तो पाठीमागून आलेला एक आवाज होता.

"सायकलवरून पडले," ती आपणहून म्हणाली. "शर्यतीत. हसू नका."

"नाही हसत."

"हसा हो, सगळे हसून झालेत. मागचा बिचारा घसा फोडून सांगत होता डावीकडून येतोय, आणि मी गेले डावीकडेच. बावीस वर्षं बस चालवतेय मी! एवढ्या वर्षांत आरशाला ओरखडा नाही."

"खांदे मागे घ्या. हनुवटी वर."

"गंमत सांगू का? मला ना, 'डावीकडे' ऐकल्यासारखं अजून वाटतं. अगदी कानात आहे. पण पंचांच्या कागदावर 'डावीकडून' लिहिलंय, म्हणजे तेच खरं. रजेच्या अर्जाला तो कागद जोडला आणि मीच फसले. डेपोचे साहेब म्हणाले, बाई, तुम्हाला डावंउजवं कळत नाही, ऐकूही धड येत नाही, तुमच्या हाती पन्नास माणसं कशी सोपवू? कानांची तपासणी, मग नजरेची, मग पुन्हा चालवून दाखवायचं, मग बघू म्हणाले. तोवर चौकशीच्या खिडकीत बसवलंय." ती हसली, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. "आणि साहेबांचं काय चुकलं? मलाच आता खात्री वाटत नाही. रस्ता ओलांडताना घड्याळ कुठल्या हातात आहे ते बघते आधी."

फोटोवाला काचेच्या मागे गेला. आता सांगावं. नुसतं बाहेर जाऊन सांगावं. त्याने कळीवर बोट ठेवलं.

"श्वास घ्या," तो म्हणाला. "धरून ठेवा."

फोटो निघाला. तो पडद्याकडे बघत राहिला. हाडाची दोन टोकं एकमेकांजवळ आली होती, अजून पुरती जुळली नव्हती. ही आपण मोडली. बाहेर काहीच हालचाल नव्हती, आणि मग तिचा दबलेला आवाज आला, "सोडू का हो?"

तो 'सोडा' म्हणायला विसरला होता. ती बाई सांगितल्याप्रमाणे श्वास कोंडून उभी होती. तिला सांगितलेलं ती करायची.

"सोडा, सोडा," तो म्हणाला आणि त्याला इतकी लाज वाटली की कागद देताना त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "डॉक्टर सांगतील," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे शब्दाचं सगळं. ती चमचा हातात धरून ऐकत राहिली.

"'डावीकडून' म्हणजे मी तिकडून येतो," ती म्हणाली. "'डावीकडे' म्हणजे तू तिकडे जा. तू तिला जायला सांगितलंस आणि ती गेली. ऐकण्यात तिची काय चूक? एवढ्याशा फरकासाठी मी अख्खं पान परत छापायला लावते."

"पण मुद्दाम नाही ना केलं मी."

"वर डोंगरात नाही केलंस. पंचांना सांगितलंस ते?"

बायको उठली, खिळ्यावरचं पदक काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि स्वतःचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. पंधरा वर्षांच्या संसारात ती एकदाही ताट उचलून गेली नव्हती.

पत्र लिहायला चार दिवस लागले. पाचव्या कागदावर ते उतरलं: मी 'डावीकडे' असे ओरडलो, 'डावीकडून' असे नाही, त्यांनी बरोबर ऐकले व त्या बरोबर वागल्या, पंचांना मी खोटे सांगितले. बायकोपुढे ठेवलं तर ती म्हणाली, "हे मी तपासणार नाही."

एक प्रत त्याने पंचबाईंना दिली, सोबत पदक. त्यांनी वाचलं, शिट्टी दोन बोटांत फिरवली आणि म्हणाल्या, "बाकावर उभी राहून कंठशोष केला होता हो मी." नंबर रद्द झाला. क्लबात बातमी पोचायला रविवार पुरला. कुणी चिडवलंसुद्धा नाही. कप्तानाने सायकल परत मागितली, तीही अगदी सभ्यपणे, "तुमची सवड झाली की आणून द्या," असं म्हणून. सहा वर्षं 'अरे शेपटा' म्हणणारा माणूस त्याला 'तुम्ही' म्हणाला. घरी येताना फोटोवाल्याला ते जुनं चिडवणंच हवंहवंसं वाटलं.

दुसरी प्रत पोस्टाने पाठवली असती तरी चाललं असतं. पण तो स्वतः डेपोत गेला, आणि त्यात त्याला थोडं बरंही वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. तोंड दाखवायला चाललोय, पळत नाही, वगैरे. चौकशीच्या खिडकीपुढे सहासात माणसांची रांग होती. आत ती बसली होती. झोळी गेली होती, पण उजवा हात ती अजून टेबलावर जपून ठेवत होती. समोरच्या म्हाताऱ्याला ती बस कुठून सुटते ते सांगत होती आणि सांगण्याआधी तिने मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. वेळ बघायला नाही. मग ती म्हणाली, "उजवीकडे. तिसरा फलाट."

त्याची पाळी आली. त्याने पत्र आत सरकवलं. "साहेबांसाठी आहे. पण तुम्ही आधी वाचा."

तिने वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा उजळला, आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळून आतल्या कुणाला तरी ओरडून म्हणाली, "अहो, ऐकलंत का! माझे कान शाबूत आहेत! 'डावीकडे'च म्हणाला होता मेला!" आतून कुणीतरी टाळी दिल्यासारखं टेबल वाजवलं. फोटोवाला नकळत हसला. खांद्यावरचं ओझं उतरलं असं त्याला वाटलं, आणि तो निघण्याच्या बेतात होता.

तिने पत्र पुन्हा वाचलं. मग मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही ते दवाखान्यातले. फोटोवाले."

"हो."

"म्हणजे मी तुमच्यासमोर उभी राहून हे सगळं बडबडत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला.

"मी पडले ते कळलं होतं तुम्हाला?"

हे पाचही कागदांवर नव्हतं. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. नवरा थांबला असणार हे ती धरूनच चालली असावी.

"कळलं होतं."

"कसं?"

"आवाज आला. सायकलचा. आणि तुमचा."

"माझा काय?"

"आई गं म्हणालात."

तिने मान हलवली, बरोबर आहे, असं. "माझ्या मागून एक पोरगी येत होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ती दुसऱ्यांदा मला गाठत होती, म्हणजे बघा किती पुढे असेल. तिने सायकल टाकली आणि गाडी येईपर्यंत माझा हात धरून बसली. अर्धा तास." तिने पत्र उलटं करून खिडकीतून बाहेर सरकवलं, वर पेन ठेवलं. "शब्दाचं लिहिलंत, चांगलं केलंत, माझं काम होईल. आता हेही लिहा."

फोटोवाल्याने खिडकीच्या फळीवर कागद ठेवला. त्याने लिहिलं: त्या पडल्याचा आवाज आला होता, परंतु शर्यत चालू असल्यामुळे थांबता आले नाही. कागद आत दिला.

तिने ओळीखाली बोट फिरवत वाचलं. "थांबता आलं नाही?"

त्याने पेन फळीवर ठेवलं.

"ब्रेक नव्हते का सायकलला?"

"होते."

"मग?"

कागद परत बाहेर आला. मागचा माणूस म्हणाला, "अहो, किती वेळ?" आणि ती खिडकीतून मान काढून म्हणाली, "जरा दम धरा. यांचं लिहायचं राहिलंय."

त्याने 'थांबता आले नाही' खोडलं. मागच्या माणसाची सावली कागदावर पडत होती, म्हणजे तोही वाचत असणार. त्याने लिहिलं: थांबलो नाही. 'शर्यत चालू असल्यामुळे' हेही त्याने खोडलं, ते तिने सांगितलं नव्हतं तरी.

तिने वाचलं, शिक्का मारला, पोच फाडून त्याच्या हातात दिली आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "हं, पुढे कोण आहे?"